बार भरायचं टेबल: उद्यमनगरातल्या एका कामाची हकीकत

मिरगाच्या आधी आबा माझ्या शेडमध्ये आले ते मोबाइल पुढं धरूनच. "भावा, असलं टेबल पाहिजे. डिट्टो. पैशाचं मागनं बघू."

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. गेट, ग्रिल, दूध संस्थांची रॅक, फौंड्रीवाल्यांच्या ट्रॉल्या, तालमीतले डबलबार, असलं सगळं आम्ही करतो. टेबलं किती केली याची मोजदाद नाही. त्यामुळे फोटो हातात आल्यावर मी सवयीनं आधी पाय आणि फळीची जाडी बघितली. जाड लाकडी फळी, चार इंची पाय, पुढच्या कडेला बोल्टनं आवळलेला एक बुटका प्रेस आणि त्याला हातभर लांब दांडा. मागं भिंतीला खोक्यांची उतरंड, बाजूला एक तराजू. आणि एका ठोकळ्याच्या भोकांत ओळीनं उभ्या केलेल्या पितळी पुंगळ्या. त्या दिसल्या तसा मी चष्मा वर केला.

"आबा, हे काडतुसाचं हाय."

"व्हय की. भाचा टेक्सासात असतोय न्हवं, त्येच्या गॅरेजमधलं. तिकडं घरात बसून बार भरत्यात लोकं. ताईच्या गोळ्यांचा खर्च तुला काय मी सांगायला पाहिजे?"

खर्च मला ठाऊक होता. आबांची मुलगी शाळेत असल्यापासून दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर जाते. सुरुवात एअर रायफलनं झाली, आता 50 मीटरची .22 ची काडतुसाची रायफल पण मारते. पूर्वी या गावात पोरगं आखाड्यात उतरलं की बाप बदाम-थंडाईचा हिशेब घालायचा. आता छर्ऱ्यांचे डबे मोजणारे बाप पण दिसतात. 2010 ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत जागतिक विजेती झाली, 2018 च्या जकार्ता-पालेमबांग एशियाडमध्ये राही सरनोबतनं सुवर्ण घेतलं, आणि 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये 451.4 गुणांवर कांस्य आणलं. त्या दिवशी उद्यमनगरातली निम्मी लेथ बंद होती, सगळे मोबाइलला चिकटलेले. त्यामुळे आबांना "हा नाद सोडा" म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी ऑर्डर घेतली. घ्यायच्या आधी काय विचारायचं ते विचारलं नाही, ही या कामातली पहिली चूक, आणि ती माझी.

भाच्याचं गॅरेज

त्या रात्री आबांच्या सोप्यात बसून व्हिडिओ कॉल लावला. भाच्याची सकाळ होती. त्यानं कॅमेरा टेबलावर फिरवत सगळं दाखवलं, आणि खरं सांगायचं तर मी कारागीर म्हणून हरखून गेलो.

झाडलेल्या काडतुसातली शिशाची गोळी उडून जाते, दारू जळून जाते, मागं उरते ती पितळेची पुंगळी. काडतुसात सगळ्यात महाग भाग तोच, आणि तो पुन्हा वापरता येतो. बार उडाला की पुंगळी फुगते. ती घासून स्वच्छ करायची, प्रेसमध्ये बसवलेल्या साच्यात घालून मूळ मापाला आणायची, त्याच दाबात बुडाची फुटलेली टोपी (हिच्याच ठिणगीनं दारू पेटते) बाहेर पडते. मग नवी टोपी, मोजून घातलेली दारू, आणि वर नवी गोळी बसवायची. एवढंच. पण प्रत्येक पुंगळी आधी हातात घेऊन बघायची. तोंडाला चीर गेली आहे का, बुडाजवळ चकाकणारी रेघ दिसते का. तशी रेघ म्हणजे आतून पितळ पातळ झालंय, ती पुंगळी भंगारात.

मला पटली ती त्याची शिस्त. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. दुसरा कपाटात, कुलपात. दारू घातलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करायच्या आणि टॉर्च मारून सगळ्यांत वरून डोकावायचं, सगळ्यांची पातळी सारखी दिसली पाहिजे. एकीत दोनदा दारू पडली तर बंदूक फुटते. एकीत पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोरानं गोळी नळीत अर्ध्यात अडकते, आणि तिच्यामागं दुसरी झाडली की मग बघायला नको. दारूचं माप ग्रेनमध्ये, एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. "टेबलाशी असताना फोन खाली ठेवतो, टीव्ही बंद, कुणी बोलायला आलं तर काम थांबवतो," भाचा म्हणाला. आमच्या वेल्डरांना हे ऐकवायला पाहिजे होतं.

टेबल जड का लागतं ते पण उलगडलं. दांडा खाली ओढला की साच्याचा दाब प्रेसच्या चौकटीतच राहतो, पण हाताचा जोर टेबलाला पुढं कलवतो. दांडा वर नेताना पुंगळी साच्यातून सुटायला कुरकुरते, तेव्हा टेबलाची पुढची कड उचलते. दिवसात दोनशे वेळा वर-खाली. साधं स्टडी टेबल आठ दिवसांत खिळखिळं होईल. म्हणून टेबल भिंतीला धरलेलं पाहिजे, आणि प्रेस पायाच्या अगदी जवळ पाहिजे, मध्ये नको.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. 50 × 50 चा चौकोनी पाइप, खाली बेसप्लेट, दोन 19 मिमी प्लाय चिकटवून केलेली फळी. फळीच्या डाव्या कोपऱ्यात, पायाच्या डोक्यावर, भाच्यानं पाठवलेल्या मापाची चार भोकं पाडली. सूतभरही फरक नाही. आबा बघून खूश झाले.

वकिलांचा प्रश्न

माझा शाळासोबती वकील आहे, कसबा बावड्याच्या कोर्टात असतो. रविवारी मटण खायला आलेला. मी कौतुकानं त्याला टेबलाचा फोटो दाखवला. त्यानं रस्सा बाजूला ठेवला आणि विचारलं, "बिल कुणाच्या नावानं फाडलंस?"

मग त्यानं समजावलं ते असं. आपल्याकडं 1959 चा शस्त्र अधिनियम आहे. त्याच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा बनवता येत नाही, विकता येत नाही. आबांकडं वडिलोपार्जित बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना आहे, शेतीच्या राखणीचा. राधानगरी, पन्हाळ्याच्या डोंगराकडच्या कितीतरी घरांत असतो तसा. आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा, निवडणूक झाली की परत. पण तो बंदूक बाळगायचा परवाना आहे, काडतूस बनवायचा नव्हे. या दोन्हींत लोक गल्लत करतात आणि मी पण केली होती.

माझ्या पोटात गोळा आला तो पुढच्या वाक्याला. कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात नुसती गोळी आणि टोपी येत नाही. दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री पण 'दारूगोळा'च धरली आहे. म्हणजे तो बुटका प्रेस घरात आला असता तर एक गोळी न भरताही कायद्याच्या भाषेत आबांच्या सोप्यात दारूगोळा ठेवलेला असता. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. दारूचा कायदा वेगळाच, 1884 चा स्फोटक अधिनियम आणि 2008 चे नियम, त्याचं मुख्य कार्यालय नागपुरात.

"आणि अमेरिकेत?" मी विचारलं.

"तिकडं स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायचं असेल तर लागतो. भाचा काही चुकीचं करत नाही. त्याचं गॅरेज टेक्सासात आहे आणि आबांचा सोपा शुक्रवार पेठेत, एवढाच फरक आहे."

नशीब की प्रेस अजून मागवला नव्हता. भाचा दिवाळीला येताना बॅगेतून आणणार होता. विमानतळावर काय झालं असतं त्याचा विचार मी आजही टाळतो.

ज्याच्यासाठी सगळं, तिला कुणी विचारलंच नव्हतं

सोमवारी मी आबांना सांगायला गेलो. आबा गप्प झाले. मग आतून ताई आली, तिला पहिल्यांदाच कळत होतं की टेबल नक्की कशाला चाललंय. आबांना ते सरप्राइज द्यायचं होतं. ती हसायलाच लागली.

"काका, .22 ची पुंगळी परत भरता येत नाही."

तिनं कपाटातून एक रिकामी पुंगळी आणून माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या नखाएवढं बूड. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते, ती ठोकून काढता येते आणि नवी घालता येते. .22 ला टोपीच नाही. बुडाची जी बारीक कड असते ती आतून पोकळ असते आणि फुटणारा मसाला त्या पोकळीत फिरवून भरलेला असतो. घोडा पडला की ती कड चेपते, मसाला फुटतो. तळहातावरच्या पुंगळीच्या कडेला एका जागी चौकोनी खड्डा पडलेला दिसत होता. एकदा चेपली की संपलं. तो मसाला तिथं परत भरणं घरातल्या टेबलाचं काम नव्हे, कारखान्याचं आहे.

एअर रायफलला तर काडतूसच नसतं. नुसता शिशाचा छर्रा आणि नळकांड्यात दाबलेली हवा.

थोडक्यात, तिच्या दोन्ही प्रकारांत त्या टेबलाचा काडीचा उपयोग नव्हता. कायद्यानं आम्हाला एका रविवारी अडवलं, पोरीनं एका मिनिटात. बापानं लेकीसाठी काही करायचं ठरवलं की सगळ्यांना विचारतो, लेक सोडून. मलाही दोन मुली आहेत, म्हणून हे लिहायचा हक्क आहे असं धरतो.

माळ्यावरचा डबा

इथं प्रकरण संपायला पाहिजे होतं. पण आबांना हार मानवत नव्हती. "आमचा आज्जा भरत हुता की घरात बार! संस्थानच्या शिकारीला जायचा त्यो." आणि पुरावा म्हणून ते माळ्यावर चढले.

खाली आली ती एक सागवानी पेटी. आत बारा बोअरच्या पितळी पुंगळ्या, हिरव्या पडलेल्या. कागदी काडतुसाचं तोंड वळवून बंद करायचं हातानं फिरवायचं यंत्र, त्याचा दांडा अजून फिरत होता. दारू मोजायचं लाकडी मुठीचं माप. सुंदर वस्तू, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यात एक गोल पत्र्याचा डबा, गंजलेला, झाकण चिकटलेलं. आबांनी तो कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

ताई ओरडली. आबांनी डबा खाली ठेवला, आणि देवाची कृपा, अलगद ठेवला. आत टोप्या असाव्यात. जुन्या टोप्यांतला मसाला ठोसा लागून फुटण्यासाठीच बनवलेला असतो. ऐंशी-नव्वद वर्षं दमट माळ्यावर पडून तो निकामी झालाय का जास्त नाजूक झालाय, हे हलवून बघून कळत नाही.

आम्ही पेटी आहे तिथंच ठेवली, सोप्याचं दार ओढून घेतलं, आणि वकिलाला फोन लावला. त्यानं सांगितलं: उघडू नका, पाण्यात टाकू नका, पंचगंगेत तर अजिबात नको (आबांच्या मनात नेमकं तेच होतं), गाडीत घालून ठाण्यात नेऊ नका. ठाण्यात जाऊन लेखी कळवा, ते येऊन नेतील. बाळगायचा हक्क नसलेली अशी चीज जवळच्या ठाण्यात जमा करायची, असं त्याच कायद्याचं कलम 21 सांगतं. संध्याकाळी माणसं आली, पंचनामा झाला, मी पंच म्हणून सही केली. पेटी गेली. ते वळवायचं यंत्र तरी ठेवून घ्यावं असं आबांना फार वाटत होतं. पण 'यंत्रसामग्री' हा शब्द आता त्यांनाही पाठ झाला होता.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

टेबलाचं काय करायचं

शेडमध्ये तयार टेबल उभं. ऐंशी किलोच्या आसपास वजन, डाव्या कोपऱ्यात चार भोकं. मी ते फौंड्रीवाल्याला विकायच्या विचारात होतो. ताई आली, टेबलावर दोन्ही हात टेकून जोर दिला, हललं नाही. म्हणाली, "काका, हे मला द्या. मला टेबल पाहिजेच आहे, फक्त दुसऱ्या कामाला."

मग तिनं कामं सांगितली आणि मी वहीत लिहिली. आधी हेच करायला पाहिजे होतं. छर्रे निवडणं आणि तोलणं. रायफल आडवी धरून साफ करणं. हवेचं नळकांडं भरणं. नोंदी. आणि टेबलाच्या पलीकडं, घरातच 10 मीटरचा सराव. .22 च्या गोळ्या घरात येणारच नव्हत्या, त्या क्लबच्या परवान्यावर आणि रेंजवरच राहतात.

आबांचं घर शुक्रवार पेठेतलं, जुनं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परसू, सगळी दारं एका रेषेत. 10 मीटर म्हणजे 32 फूट 10 इंच. सोप्यातल्या भिंतीपासून परसाच्या दारापर्यंत आम्हाला चव्वेचाळीस फूट मिळाले. माणूस उभा राहायला आणि पलीकडं छर्रे पकडायची पेटी ठेवायला पुरेसे. एक भानगड होती. जुन्या घरात प्रत्येक खोलीला उंबरठा आणि पायरी, त्यामुळे परसाकडची फरशी सोप्यापेक्षा पाच इंच खाली. लक्ष्याचा मध्य 1.40 मीटर उंचीवर पाहिजे, पण ती उंची नेमबाज जिथं उभा आहे तिथल्या फरशीपासून मोजायची. मी पहिल्यांदा परसातनं मोजली. ताईनं चार दिवस मारलं आणि म्हणाली, "काहीतरी वाकल्यासारखं वाटतंय." पाण्याची नळी लावून लेव्हल काढली तेव्हा पाच इंचाचा घोळ सापडला. एअर रायफलच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. त्या खेळात मी पाच इंच चुकलो होतो.

पेटी 3 मिमी पत्र्याची, आतला पत्रा तिरका, छर्रा आपटून खाली वळतो. मधल्या खोल्यांच्या बाजूच्या दारांना आतून कडी, आणि परसाच्या दाराला मोठा लाल पंचा. पंचा लटकलेला असेल तर आईंनी पण भाजी निवडायला तिकडं जायचं नाही. 4.5 मिमी बोअरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. डोळा फुटायला परवाना लागत नाही.

सराफाचा तराजू

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो तराजूनं. स्पर्धेचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा. त्यातला फरक पकडायचा तर मिलिग्रॅम दाखवणारा तराजू पाहिजे. ताईनं एक मागवला, टेबलावर ठेवला, आणि आकडा स्थिर राहीना. 0.531, 0.534, 0.529, तोच छर्रा. तिला वाटलं टेबल हलतंय. मला राग आला.

मी एक वाटी पाण्यानं काठोकाठ भरून टेबलावर ठेवली आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत बसलो. गल्लीतनं बुलेट गेली, प्रतिबिंब थरथरलं. शेजारी मिक्सर लागला, पुन्हा थरथरलं. टेबल सोप्याच्या पुढच्या भिंतीला आवळलं होतं, ती रस्त्याची भिंत. ते काढून माजघराच्या जाड मातीच्या भिंतीला नेलं. त्या भिंतीत अँकर बोल्ट धरत नाही, माती भसाभस गळते. म्हणून भिंतीला हात न लावता टेबलाच्या खालच्या कप्प्यात फरशीचे तुकडे भरून वजन वाढवलं. प्रेस नसल्यानं पुढची कड उचलायचा प्रश्न राहिला नव्हता, नुसतं वजन पुरलं. वाटी शांत झाली. आकडा तरी नाचतच होता.

शेवटी तराजू पिशवीत घालून गुजरीत गेलो, ओळखीच्या सराफाकडं. त्यानं तराजूकडं बघितलंच नाही, विचारलं, "डोक्यावर फॅन आहे?"

होता.

त्याचा स्वतःचा तराजू काचेच्या पेटीत होता, पुढं सरकतं दार. सोनं तोलणाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. वारा ताटलीला दाबतो. त्यानं फुकटात चार गोष्टी सांगितल्या. तोलायच्या आधी अर्धा तास तराजू चालू ठेवायचा. उन्हाची तिरीप येते तिथं ठेवायचा नाही. प्रमाण वजन बोटानं उचलायचं नाही, चिमट्यानं, बोटाचं तेल लागतं. आणि दर पन्नास नगांनंतर तेच प्रमाण वजन पुन्हा ठेवून बघायचं. मी घरी येऊन ग्रिलच्या कामातल्या उरलेल्या काचेची पेटी केली. आकडा बसला.

आणि इतकं करून काय निघालं? ताईनं एक पाचशेचा डबा पूर्ण तोलला, वजनाप्रमाणे तीन वाट्यांत घातला, आणि तिन्हीतले छर्रे रायफल टेकवून मारले. तिच्या डोळ्याला फरक दिसला नाही. चांगल्या कंपनीचा डबा मुळातच सारखा असतो. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीनं. छर्ऱ्याच्या मागचा भाग पातळ, घागऱ्यासारखा असतो. डबा आदळला की त्यातल्या काहींचा घेर चेपतो. भिंगाखाली पाचशेतले अकरा चेपलेले निघाले, आणि भटके नेम त्यांचेच होते. दुसरं, छर्ऱ्याच्या डोक्याचं माप. 4.49, 4.50, 4.51 असे वेगवेगळे डबे मिळतात, आणि प्रत्येक नळीला त्यातला एक आवडतो. कुठला, ते मारूनच कळतं. .22 चं पण तसंच, एकाच कंपनीच्या एकाच खोक्याचा लॉट नंबर बदलला की 50 मीटरवरचा पुंजका बदलतो. ताई आता रेंजवर वेगवेगळ्या लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारून बघते, आणि चांगला लॉट सापडला की क्लबला सांगून त्याचीच खोकी राखून ठेवायला लावते. आबांचे पैसे वाचले असतील तर ते इथं. तराजू आता महिन्यातनं एकदा चालू होतो, आई त्याच्यावर केशर तोलतात.

शिसं, पाणी, हवा

फळीला मी पांढरा सनमायका लावला. काळा भारी दिसला असता, पण शिशाची पूड पांढऱ्यावर दिसते. तिन्ही कडांना पट्टी, पुढची कड मोकळी, मनगट टेकायला. टेबल कोरड्या फडक्यानं झटकायचं नाही, ओल्यानं पुसायचं, आणि ते फडकं टेबलालाच राहणार. शिसं अंगात जातं ते मुख्यतः तोंडावाटे. आपल्याकडं बरीच पोरं छर्रे ओठांत धरून एकेक काढतात, ताईचीही ती सवय होती. आता टेबलाशी चहा नाही, शेंगदाणे नाहीत, आणि उठलं की साबणानं हात. आबांना ही अट सगळ्यात जड गेली.

हवेचं नळकांडं 200 बार दाबाला भरतात, आणि त्याच्यावर बनवल्याची तारीख ठोकलेली असते. दहा वर्षं झाली की ते बाद, स्पर्धेत चालत नाही आणि घरातही चालू नये. कोल्हापूरच्या आषाढात हातपंपानं हवा दाबली की हवेबरोबर बाष्प पण आत जातं. ज्या दिवसांत डब्यातल्या गुळाला पाणी सुटतं, त्या दिवसांत नळकांड्यात पण सुटतं असं समजायचं. म्हणून पंपाला बाष्प शोषणारी नळी जोडली, आणि रायफलच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. त्या रंग बदलल्या की तव्यावर मंद आचेवर फिरवून परत वापरायच्या.

आणि पूर. 2019 ला आबांच्या सोप्यात पाणी होतं, 2021 ला पुन्हा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, हे त्या पेठेतल्या पोरासोरांना पाठ. मी टेबलाचे पाय नट-बोल्टचे केले, वेल्डिंगचे नाहीत, आणि कप्प्यातल्या फरश्या सुट्या. 39 चा आकडा आला की तराजू, वही, रायफल माळ्यावर, सांगाडा तिथंच. पाइपच्या आत पाणी साठून गंजू नये म्हणून खाली एकेक भोक ठेवलंय. ती जुनी पेटी होती ना, तीच जागा आता रायफलला मिळाली.

दिवाळीला भाचा आला. प्रेस आणला नव्हता, ताईसाठी एक चांगला दिवा आणला होता, वाकवता येणारा, भिंग लावलेला. आबांनी सवयीनं तो डाव्या कोपऱ्यात नेला. दिव्याच्या बैठकीला तीन भोकं, टेबलाला चार, आणि आश्चर्य म्हणजे दोन जुळली. तिसरं मी नव्यानं पाडलं. टेबलाच्या जुन्या भोकांतली दोन उरली, त्यातनं छर्रे खाली पडायला लागले, तेव्हा ताईनं त्यात एम-सील भरून टाकलं.